नेटजवळच्या उड्या

ज्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजची मुलींची व्हॉलीबॉल टीम विद्यापीठाची चँपियन झाली, त्या हिवाळ्यातलं मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर झोप. न झालेली झोप. लोक विचारतात, तेव्हा काय वाटलं हो तुम्हाला? मी काहीतरी सांगते. खरं म्हणजे तेव्हा कुठेतरी टेकावं आणि डोळे मिटावेत, एवढंच वाटत होतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. टीममध्ये मी बूस्टर होते. बूस्टर स्वतः बॉल मारत नाही. मागच्या मुलींनी उचललेला बॉल ती बोटांच्या टोकांवर घेते आणि नेटच्या वर असा चढवते, की दुसरीनं उडी मारून तो पलीकडे हाणावा. टाळ्या हाणणारीला मिळतात. मला त्याचं काही वाटत नसे. माझी उंचीच बेताची होती, आणि टाळ्या वाजल्या की मी पुढच्या बॉलकडे बघत असे.

आम्ही इंदोऱ्याच्या अलीकडच्या एका वस्तीत राहत होतो. बाबा रेल्वेत फिटर होते. आई घरी बिड्या वळायची, आणि कॉलेजातून आल्यावर मीही तिच्याजवळ सूप घेऊन बसायची. त्या वर्षी माझी मोठी बहीण पहिल्या बाळंतपणाला घरी आली. तिला कुहीकडे दिली होती. बाळ दिवाळीनंतर झालं आणि ते अडलं होतं. बहीण वाचली, पण फार अशक्त झाली. आई तिच्या उशाशी असे, आणि बाकीचं घर माझ्या अंगावर आलं. पहाटे सार्वजनिक नळावर रांग, मग शेक-शेगडी, बाळाचे लंगोट, भाकरी, बाबांचा डबा. एवढं उरकून मी कॉलेजच्या मैदानावर पोचायची तेव्हा बाकीच्या मुली नुकत्या कुठे जांभया देत आलेल्या असायच्या.

बाबा एकदा म्हणाले, "होत नसन तं सोड ना बेटा खेळ. कोणी काही म्हणत नाही."

सोडायचं म्हणजे बाईंना जाऊन सांगायचं, आणि बाईंना सांगायला माझी जीभ उचलली नसती.

बाई म्हणजे आमच्या खेळाच्या शिक्षिका. चाळिशी उलटलेली, लग्न न केलेली, महाल नावाच्या जुन्या भागात राहणारी ही बाई पांढऱ्या सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट घालून सायकलवर यायची. मैदानावर चुन्याच्या रेघा ती स्वतः मारायची. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले होते, त्यांचं सगळं उरकून ती यायची. हे तिनं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, पण आमच्या टीमची कॅप्टन तिच्याच गल्लीतली, तिनं सांगितलं होतं. कित्येक वर्षं बाईंची टीम पहिल्या नाहीतर दुसऱ्या सामन्यात हरून परत यायची. बाई ओरडत नसत. बॉल चुकला की नुसतं म्हणायच्या, "पुन्हा." त्या 'पुन्हा'चा मला जेवढा कंटाळा आला होता तेवढा कशाचाच आला नसेल. पण तो शब्द ऐकला की पाय आपोआप जागेवर जात.

टीममध्ये आम्ही सगळ्या मिळून सातच जणी. हाफपँट घालून मैदानावर उतरायचं म्हणजे कितीतरी घरांतून नकारच. कॅप्टन सुद्धा घरून पंजाबी ड्रेस घालून निघायची आणि कॉलेजात कपडे बदलायची. सातांतली एकच अशी, की जिच्यामुळे आम्ही जिंकू शकत होतो. ती नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातून आली होती, होस्टेलवर राहायची. आम्ही तिला 'नरखेड' म्हणूनच हाक मारायचो. सावळी, उंच, लांब हातांची. ती उडी मारायची तेव्हा नेटच्या पलीकडच्या मुली एक पाऊल मागे जायच्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. माझा बॉल कुठे येणार हे तिला माझ्या आधी कळायचं. आम्ही दोघी मैदानाबाहेर फारशा बोलत नव्हतो. तिला बोलायची सवय नव्हती आणि मला वेळ नव्हता. तरी माझी तिच्याइतकी जवळची मैत्रीण दुसरी नव्हती.

डिसेंबरमध्ये आंतरमहाविद्यालयीन सामने सुरू झाले. पहिला जिंकलो, दुसरा जिंकलो. बाईंना सुद्धा खरं वाटेना. सामन्याच्या दिवशी सकाळी सराव असायचाच, वर दुपारी सामना, आणि घरी गेल्यावर बिड्यांचं सूप. एकदा पानाला दोरा बांधता बांधता मी बसल्या जागी झोपले आणि आईनं माझ्या हातातली कात्री काढून घेतली. वर्गात इतिहासाच्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपायला मी त्याच वर्षी शिकले.

उपांत्य सामन्यात नरखेडनं एकटीनं सामना ओढून काढला. संपल्यावर सगळ्या तिच्या गळ्यात पडायला धावल्या तर ती म्हणाली, "दूर सरा वं, घाम आला मले," आणि बाजूला झाली. डावा हात तिनं उजव्या खांद्यावर ठेवलेला होता. मला ते दिसलं, पण त्याचा अर्थ कळायला माझं डोकं जागेवर असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती घरी जाऊन येते म्हणून गेली. संत्र्यांचा तोडा चालू होता, हे आम्हाला माहीत होतं. ती परत आली नाही. अंतिम सामना त्याच आठवड्यात होता. त्यातच सातव्या मुलीला कांजिण्या निघाल्या. म्हणजे नरखेड आली नाही तर आम्ही पाचच उरत होतो, आणि पाच जणींना कोर्टावर उतरताच येत नाही.

कॅप्टन म्हणाली, "घरच्यांनी अडवलं असेल. लग्न ठरवलं असेल तिचं."

आम्हाला सगळ्यांना तसंच वाटलं. मुलगी घरून परत आली नाही की दुसरं काय वाटणार?

बाई मला म्हणाल्या, "उद्या तू माझ्यासोबत चल. तिच्या घरच्यांशी बोलू."

घरी विचारलं तर आई म्हणाली, "जाय. पण येतानी संत्री आणू नको, बाळंतिणीले थंड पडते." बहीण खाटेवरून क्षीण हसली. त्या दिवशीच्या भाकरी बाबांनी केल्या, हे मला नंतर कळलं.

सकाळच्या एस.टी.नं आम्ही निघालो. काटोलपर्यंत उभ्यानं गेलो. पुढे जागा मिळाली तशा बाई खिडकीजवळ बसल्या आणि दोन मिनिटांत झोपल्या. त्यांचं डोकं हळूहळू माझ्या खांद्यावर आलं. आम्हाला 'पुन्हा, पुन्हा' म्हणणारी ही बाई इतकी हलकी असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांच्या केसांना औषधाचा वास येत होता. बस आदळली की मी त्यांचं डोकं हातानं धरत होते. मलाही झोप आली होती, पण दोघी झोपलो तर उतरायचं गाव निघून जाईल, म्हणून मी जागी राहिले.

नरखेड गावाच्या पुढे एका फाट्यावर उतरून आम्ही पायी गेलो. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा, झाडं फळांनी वाकलेली, मोटारपंपाचा आवाज. तिचं घर बागेला लागूनच होतं. ओसरीवर तिची आई होती आणि एक म्हातारी आत्या. बाईंनी ओळख सांगितली तशी आई लगबगीनं उठली, "या या, बसा," म्हणत तिनं सतरंजी टाकली. लग्नाचा कसला गोंधळ नाही, कोणी रागावलेलं नाही. उलट तिची आईच म्हणाली, "तुम्हीच सांगा तिले बाई. येऊन पडली आहे इथी. कालेजात जाय म्हणतो तं जात नाही."

आत्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "तू कुठची वं पोरी?"

मी वस्तीचं नाव सांगितलं. म्हातारी 'हं' म्हणाली. त्या एका 'हं'मध्ये मला जे कळायचं ते कळलं. चहा आला तेव्हा बाईंना आणि नरखेडला कपबशीत होता, मला काचेच्या ग्लासात. नरखेड तेवढ्यात बागेतून आली होती. तिनं ट्रेकडे एकदा पाहिलं, आपली कपबशी उचलून माझ्यासमोर ठेवली आणि ग्लास स्वतः घेतला. एरवी मला अशा वेळी राग यायचा, कानशिलं तापायची. त्या दिवशी रागवायचंही त्राण नव्हतं. चहा गरम होता, मी तो प्याले.

मग आम्ही तिघी बागेत गेलो. तोडलेल्या संत्र्यांचे ढीग पडले होते आणि ती त्यातली लहान-मोठी वेगळी करत होती. खाली बसली आणि पुन्हा कामाला लागली. सगळं डाव्या हातानं. उजवा मांडीवर पडलेला.

बाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उजवा हात वर कर."

तिनं केला. कानापर्यंत गेला आणि तिथे थांबला. तिचा चेहरा बदलला.

"केव्हापासून?"

"दिवाळीपासून."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगतली असती तं तुम्ही खेळू दिलं असतं का?"

"नसतं."

"मंग."

बाई ढिगाच्या कडेला खाली बसल्या, साडीला माती लागेल याचा विचार न करता. मग नरखेड बोलली. मी तिला एका दमात इतकं बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं.

"मले कोणी अडवलं नाही, बाई. बाबा तं रोज म्हणते, जाय. मीच नाही आली. केस विंचरता येत नाही मले, वेणी माय घालून देते. तुम्ही सगळ्या म्हणता, नरखेड मारन, नरखेड मारन. मी किती मारू? इथी आली तशी झोपून राहिली मी. दिवसा बी झोपते. उठली की जेवते अन् अजून झोपते. मले वाटते आता असंच रहावं."

मला तिची दया यायला हवी होती. पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की हिला दिवसा झोपायला मिळतं. मला इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि नरखेडला वाटलं मी तिच्यासाठी रडते आहे. ती म्हणाली, "काहून रडतं वं? एवढं काही दुखत नाही." मी तिला खरं काय ते सांगितलं. तेव्हा ती हसली. हसताना खांदा हलला आणि 'आई गं' म्हणून परत तो धरून बसली. मग आम्ही दोघीही हसलो.

बाई हसल्या नाहीत. उठून त्यांनी साडी झटकली आणि म्हणाल्या, "नको येऊस. हात आधी डॉक्टरला दाखव. नाव मागे घेऊ आपण."

"अन् तुमचं बाई?"

"माझं काय? इतकी वर्षं हरतेच आहे."

हे त्या कडवटपणानं बोलल्या नाहीत. बाजारात आज भाजी नव्हती, असं सांगावं तसं बोलल्या.

निघताना नको नको म्हणत असताना तिच्या आईनं पिशवीभर संत्री दिली. ती पिशवी फाट्यापर्यंत मी वाहिली, आणि बसमध्ये ती माझ्या पायांवर होती. घरी बहिणीला त्यातलं एकही चालणार नव्हतं. शेजारच्या पोरांनी दोन दिवस ती खाल्ली आणि अंगणात सालांचा ढीग केला, तो मलाच झाडावा लागला.

सामन्याच्या दिवशी सकाळी बाई नाव मागे घ्यायला निघणार, तेवढ्यात होस्टेलची एक मुलगी सांगत आली की नरखेड आली आहे. पहिल्या गाडीनं. आम्ही धावलो. ती आपल्या खाटेवर बूट घालत बसली होती. नाडी बांधता येत नव्हती, ती कॅप्टननं बांधून दिली.

"झोप झाली का मग?" मी विचारलं.

"तुम्ही येऊन गेल्या अन् झोपच येईना," ती वैतागून म्हणाली. "मी फक्त उभी राहीन. मारणार नाही. सहा तं होऊन जाऊ."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता नाही म्हणतील. त्यांनी इतकंच विचारलं, "नक्की उभीच राहशील?"

"हो बाई."

सामना धरमपेठेकडच्या एका मैदानावर होता. समोरची टीम आधीच्या वर्षाची चँपियन. सगळ्या उंच, सगळ्यांचे बूट एकसारखे. त्यांच्याबरोबर गाडीभर मुली ओरडायला आल्या होत्या. आमच्याकडून चार-पाच जणी आणि कॉलेजचे एक प्राध्यापक, जे बहुतेक उन्हात बसायला आले होते.

तेव्हा पाच सेटचा सामना असे. तीन जिंकेल तो जिंकला. आणि गुण फक्त ज्याची सर्व्हिस असेल त्यालाच मिळे. त्यामुळे तासभर खेळलं तरी फळ्यावरचे आकडे हलत नसत. सर्व्हिस इकडून तिकडे, तिकडून इकडे.

सुरुवातीला नरखेड खरंच नुसती उभी होती. सर्व्हिसही तिनं डाव्या हातानं खालून केली, आणि पलीकडच्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. पण ती फिरत फिरत नेटजवळ आली आणि माझ्या हातात बॉल आला, तेव्हा सवयीनं तिनं उडी मारली. आम्ही काही ठरवलं नव्हतं. ती वर गेली, तिचा हात थोडा उचलला, आणि पलीकडे दोघी जणी तिला अडवायला तिच्यासमोर वर गेल्या. मला दिसलं की माझ्या मागच्या बाजूला, कॅप्टनसमोर, नेट पूर्ण मोकळं आहे. मी बॉल मागे दिला. कॅप्टननं तो शांतपणे मोकळ्या जागेत टाकला.

नरखेड खाली आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. ती म्हणाली, "असं आहे काय." बस.

त्यानंतर ती प्रत्येक वेळी उडी मारत राहिली. बॉल तिच्याकडे येणार नाही हे तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं. पण त्या मुलींनी तिचा उपांत्य सामना पाहिला होता. ती हलली की त्या हलत. दरवेळी खाली येताना तिचे ओठ घट्ट मिटलेले असत, कारण उडी मारायची तर हात हलतोच, तो खिशात ठेवता येत नाही. आम्ही पहिला सेट जिंकलो. दुसराही जिंकलो. चुन्याच्या रेघेबाहेर बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. "पुन्हा" म्हणत नव्हत्या.

तिसऱ्या सेटमध्ये त्यांच्या ध्यानात आलं. त्यांच्या कॅप्टननं खूण केली आणि मग नरखेड कितीही उडाली तरी तिच्यासमोर कोणी उडेना. सगळ्या आमच्या कॅप्टनवर येऊन पडल्या. तिसरा सेट गेला, चौथा गेला. माझ्या बोटांत जीव उरला नव्हता. बॉल नुसता लागून जात होता, कुठे जाईल ते माझ्या हाती नव्हतं. पाचवा सुरू झाला तेव्हा ऊन उतरलं होतं आणि ओरडायला आलेल्या मुलींचेही आवाज बसले होते. ते प्राध्यापक मात्र अजून होते, उभे राहून बघत होते.

सर्व्हिस जात-येत राहिली. शेवटाजवळ दोन्हीकडे बरोबरी झाली. अशा वेळी मन एकाग्र होतं वगैरे लोक म्हणतात. माझ्या मनात एकच होतं, संपू दे. कोणीही जिंको, संपू दे. आणि त्याच गुंगीत माझ्या हातून बॉल नरखेडच्या जागेवर गेला. कॅप्टनला द्यायचा तो रोजच्या सवयीनं तिच्याकडे गेला. हातातून सुटता सुटताच मला कळलं.

ती वरच होती. तिच्यासमोर कोणी नव्हतं. तिनं उजवा हात उचललाच नाही. डाव्या हाताच्या बोटांनी बॉलला नुसतं ढकललं, जसं दाराशी आलेल्या कोंबडीला हुसकावतात तसं. बॉल नेटच्या पट्टीला लागून पलीकडे पडला. त्यांच्यातली एकही हलली नाही. हलायची ताकद कोणाकडेच नव्हती.

शेवटचा गुण आम्ही मिळवला असं मी म्हणणार नाही. त्यांची सगळ्यात उंच मुलगी, जिनं दिवसभर आम्हाला घाबरवलं होतं, तिनं उडी मारून बॉल हाणला आणि तो सरळ नेटमध्ये गेला. शिट्टी वाजली. ती मुलगी होती तिथेच मांडी घालून बसली. आणि आम्हीही बसलो. कोणी उड्या मारल्या नाहीत, कोणी ओरडलं नाही. नेटच्या दोन्ही बाजूंना बारा मुली मुरमाच्या जमिनीवर बसल्या होत्या. ती उंच मुलगी नेटच्या खालून माझ्याकडे बघून म्हणाली, "पाणी है क्या?" आमच्याकडच्या बाटलीत होतं. मी तिला दिलं.

बाई जवळ आल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "उठा," त्या म्हणाल्या. "हात मिळवा त्यांच्याशी." मग नरखेडजवळ येऊन त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. नरखेडला उठताही येईना आणि हात काढा म्हणताही येईना.

बक्षीस समारंभात पाहुण्यांनी स्त्रिया आणि खेळ या विषयावर लांबलचक भाषण केलं. कॅप्टन कप घेऊन उभ्या उभ्या पेंगत होती. मी तिला मागून धरून ठेवलं होतं.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"जिंकल्या का?"

"हो."

"जेवून घे."

जेवता जेवता माझा डोळा लागला असावा, कारण मी अंथरुणावर कशी गेले ते मला आठवत नाही. सकाळी जाग आली तर ऊन थेट दारातून आत आलेलं होतं. मी दचकून उठले, पाणी भरायचं राहिलं म्हणून. घागरी भरलेल्या होत्या. आईनं नळावर जाऊन भरल्या होत्या, आणि बहीण बाळंतपणानंतर पहिल्यांदा उठून चुलीजवळ बसून चहा करत होती. बाबा ड्यूटीवर जाता जाता वस्तीतल्या प्रत्येकाला सांगत गेले होते, त्यामुळे दिवसभर बाया येत राहिल्या, बाळाला आणि मला बघायला.

नरखेडला बाईंनी स्वतः डॉक्टरकडे नेलं. हात चार महिने गळ्यात बांधून ठेवायला सांगितला. परीक्षेला तिला लेखनिक घ्यावी लागली. खांदा पुढे बरा झाला, पण बॉल मारण्याइतका नाही. विद्यापीठाच्या टीमसाठी तिचं नाव आलं होतं. ती नाही गेली. मी गेले. चार दिवस परक्या गावात एका शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपलो आणि दुसऱ्याच सामन्यात हरून परत आलो.

पुढच्या हिवाळ्यात कॅप्टनचं लग्न झालेलं होतं. नव्या मुली आल्या होत्या, हौशी होत्या, पण त्यांना अजून बॉल नीट उचलता येत नव्हता. नरखेड सरावाला यायची, बाईंच्या शेजारी उभी राहून सूचना द्यायची. बाईंचे वडील त्या वर्षी गेले होते. पहिल्याच सामन्यात आम्ही तीन सरळ सेटमध्ये हरलो. नव्या मुली रडायला लागल्या. बाईंनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाल्या, "आज सराव नाही. घरी जा, झोपा जरा."

मैदानाबाहेर आलो तर दुपारचे बाराही वाजले नव्हते. नरखेडला होस्टेलच्या दारापर्यंत सोडून मी सीताबर्डीवरून पायी घरी निघाले. हरल्यामुळे आमचा मोसम संपला होता, पुढचे कित्येक दिवस मला पहाटे मैदानावर जायचं नव्हतं. चालता चालता ते माझ्या लक्षात आलं, आणि मला बरं वाटलं की वाईट, ते मला आजही सांगता येत नाही.